परत चिकटवलेली टेप

ती भर दुपारी घरी आली. कामाचा निळा डगला अंगावर तसाच होता. एरवी तो ती हॉस्पिटलमध्येच काढून ठेवायची, घरात कधी आणायची नाही. चपला दाराशी टाकून ती सरळ मोरीत गेली. साबण लावून हात धुतले. पुन्हा साबण लावला. मग माझ्याकडे पाठ ठेवूनच म्हणाली, "मी एका माणसाचा पाय घालवला."

मला वाटलं, रस्त्यात काही अपघात झाला.

"कुणाचा? कुठे?"

"सुताराचा. आमच्याकडे ॲडमिट आहे. गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. जखमेत पू झालाय. सोमवारी परत उघडणार आहेत."

"मग त्यात तुझा काय संबंध?"

"हत्यारं माझ्या हातची होती," ती म्हणाली. नळ चालूच होता.

आम्ही दोघी वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत भाड्याने राहत होतो. मी साहित्याची पदवी घेऊन शिकवण्या करत होते. ती हॉस्पिटलच्या तळघरात कामाला होती. ऑपरेशनला वापरलेली हत्यारं तिथे येतात. धुतात, पुसतात, हिरव्या कापडात बांधतात आणि वाफेच्या मोठ्या मशीनमध्ये घालतात. बांधलेल्या पॅकवर एक फिकट टेप लावलेली असते. वाफ लागली की टेपवर काळ्या रेघा उमटतात. पॅकच्या पोटात कागदाची एक पट्टीही असते. वाफ अगदी आतपर्यंत पोचली तर तिचा रंग बदलतो. पण ती पट्टी ऑपरेशनच्या टेबलावर पॅक उघडला की मगच दिसते. तळघरातल्या माणसाने बाहेरच्या टेपवर विश्वास ठेवायचा आणि पॅक पुढे द्यायचा. काम असंच चालतं.

तिला तो विश्वास ठेवता येत नसे.

तिथे तिला सगळे 'दोनदा' म्हणत. हाक मारतानासुद्धा.

"दोनदा, चहा घेतलास का?"

"घेतला."

"एकदाच? तब्येत बरी आहे ना?"

तीही हसायची. घरीही तेच. जिना उतरून खाली गेली तरी ती परत वर यायची. गॅसचं बटण बघायची, कुलूप ओढून बघायची. खालच्या मालकीणकाकू दारात उभ्या असायच्या.

"काय गं, आज काय विसरलीस?"

"काही नाही, काकू."

"मग परत कशाला चढलीस?"

"काही विसरले नाही ना, ते बघायला."

काकूंनी हा किस्सा सगळ्या गल्लीला सांगितला होता.

तिची आई एकदा राहायला आली होती. मुलगी आंघोळीला गेली तेव्हा माझ्याजवळ सरकून बसली. म्हणाली, "आमच्या घरात कधी कुणी हात उगारला नाही गं. हिचे बाबा शिलाई मशीन दुरुस्त करायचे. हिने त्यांचं हत्यार हरवलं तरी 'असू दे' म्हणायचे. ही अशी कुणावर गेली?" मोरीत पाणी वाहत होतं. बंद झालं. परत सुरू झालं. आईने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

शेवटच्या परीक्षेच्या वेळी मी खोलीत येरझाऱ्या घालत पाठांतर करायची. मनाबद्दलच्या सिद्धांतावर एक प्रकरण होतं. लहानपणी मोठ्यांचा धाक बाहेर असतो. मूल वाढतं तसा तो धाक आत येऊन राहतो आणि न्यायाधीश होतो. बाहेरच्या माणसाला फक्त आपण केलेलं दिसतं. आतल्याला मनात आलेलंही दिसतं, आणि त्याच्या लेखी दोन्ही सारखंच. माणूस जितका चांगला वागेल तितका हा त्याला अधिक छळतो. मी मोठ्याने वाचत होते. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"म्हणजे हा भाडेकरू नाही," ती म्हणाली. "मालकच झाला की."

"तसंच समज."

"पण माझे बाबा कधी ओरडलेच नाहीत. मग हा आवाज कुणाचा?"

मी पान उलटलं. "आईबाप मवाळ असले तरी हा कडक निघू शकतो, असं लिहिलंय. मुलाला जो राग बाहेर काढता येत नाही, तो याच्या हातात जातो. मग हा तो उलटा आपल्यावरच काढतो."

तिचे हात थांबले.

"हे परीक्षेला येतं?"

"येऊ शकतं."

"नको येऊ दे," ती म्हणाली आणि घातलेली घडी मोडून पुन्हा घातली.

ते आलं. मी उत्तर चांगलं लिहिलं.

त्या दुपारी तिने सगळं तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. मी ते जुळवत गेले.

सुताराच्या ऑपरेशनच्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी, हाडांचे मोठे डॉक्टर स्वतः तळघरात आले होते. गुडघ्याचा सेट अजून वर पोचला नव्हता. खिडकीतून डोकावून म्हणाले, "बाई, तुमची पूजा आटपेपर्यंत पेशंट आपल्या पायांनी घरी जाईल." सगळे हसले. तीही हसली. डॉक्टर गेले. सेट मशीनमधून बाहेर आलेला होता. टेपवर रेघा काळ्या कुळकुळीत होत्या. तरी तिला वाटलं, आत वाफ पोचली नसेल तर?

तिने टेप सोडवली. कापडाचं एक टोक उलगडून पट्टी बघितली. पट्टीचा रंग बदललेला होता. पॅक चांगला होता.

चांगला होता, पण बघेपर्यंतच. एकदा उघडलेला पॅक वापरायचा नसतो. त्याला हवा लागते, हात लागतो. तो पुन्हा बांधून, नवी टेप लावून मशीनमध्ये घालावा लागतो. तिने नवी टेप लावली नाही. नवी टेप फिकट दिसली असती आणि विभागाच्या सिस्टरला लगेच कळलं असतं. सिस्टरने आधीच बजावलं होतं: "परत पॅक उघडलेला दिसला तर तुला बांधणीच्या टेबलावरून काढीन." म्हणून तिने जुनीच, काळ्या रेघांची टेप बोटाने दाबून परत चिकटवली. हे ती कित्येक महिने करत होती. असे पॅक ती डावीकडच्या फडताळात ठेवायची आणि संधी बघून पुन्हा मशीनमध्ये घालायची. वर द्यायचे पॅक उजवीकडच्या फडताळात असत. गुडघ्याचा सेट तिने डावीकडे ठेवला. दुसरा तसाच सेट उजवीकडे तयार होता. मग ती जेवायला गेली.

परत आली तेव्हा डावीकडचं फडताळ रिकामं होतं, आणि उजवीकडचे पॅकही वेगवेगळ्या ऑपरेशनांसाठी वर गेले होते. ऑपरेशन थिएटरची नर्स घाईघाईने येऊन सेट घेऊन गेली होती. डावीकडचा की उजवीकडचा, नर्सला आठवत नव्हतं. टेपवर काळ्या रेघा होत्या, तेवढं तिने बघितलं होतं.

"मग डावीकडचा सेट गेला कुठे?"

"मामा म्हणतात, त्यांनी मशीनमध्ये घातला."

मामा म्हणजे मशीन चालवणारे. त्यांच्या निवृत्तीला थोडेच दिवस उरले होते.

"मग झालं तर," मी म्हटलं. "म्हणजे वर गेला तो उजवीकडचा."

"ते मला वाचवायला खोटं बोलतायत." तिने टॉवेल घट्ट पिळला. तो कोरडा होता. "सोमवारी चौकशी आहे. मी सांगणार, बिघडलेला पॅक मीच पाठवला म्हणून."

दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर हॉस्पिटलमध्ये गेले. ती काही खात नव्हती आणि तिला एकटीला सोडायला मन धजत नव्हतं. ती तळघरात उतरली. मी मागच्या फाटकाजवळच्या चहाच्या टपरीवर थांबले. थोड्या वेळाने मामा आले. वाफेने सोललेले लालसर हात, खिशात चष्मा.

"तूच ना ती पुस्तकवाली मैत्रीण?"

"हो."

"मग समजाव तिला. चोर पोलिसांपासून पळतो. ही पोलीस शोधत फिरतेय." त्यांनी चहात फुंकर मारली. "डाव्या फडताळातलं सगळं मी जेवणाच्या सुट्टीत मशीनमध्ये घालतो. रोज. वाफ झाली की परत तिथेच ठेवतो. तिला वाटतं, तिची लबाडी मला माहीत नाही. अगं, सोडवून परत लावलेली टेप कडेला मुडपते. एवढी वर्षं मी काय नुसतं बटण दाबलं?"

"मग सिस्टरना का नाही सांगितलंत?"

"तिला काढलं असतं. तिच्यासारखं काम करणारी दुसरी मिळाली असती का? दोनदा करते, पण करते."

"त्या दिवशीही घातलंत?"

"घातलं. पण वर घाई होती, मशीनमधून निघालं तसं सगळं थेट वर गेलं."

"त्यात गुडघ्याचा सेट होता?"

मामांनी पेला फिरवला. तळाशी काही दिसतंय का बघितलं.

"गाठोडी सगळी हिरवी असतात, बाळ."

त्यांनी पेला खाली ठेवला.

"पण चौकशीत मी सांगणार, होता म्हणून. छातीठोक सांगणार."

"आणि तिने उलट सांगितलं तर?"

"तर मी खोटा. निरोपाच्या भाषणाऐवजी नोटीस वाचून दाखवतील." ते हसले. हसू लवकर विरलं. "तिला एवढंच सांग. मला बरोबर घेऊन बुडू नकोस म्हणावं."

रविवारी दुपारी ती भिंतीकडे तोंड करून बसली होती. ओठ हलत होते. उद्याचं पाठ करत होती.

"पॅक मी पाठवला. पॅक मी पाठवला."

"तू पाठवला नाहीस," मी म्हटलं. "तू डावीकडे ठेवलास."

"पाठवल्यासारखंच."

"सारखंच म्हणजे काय? पाठवलास की नाही?"

"तू शब्दांत पकडू नकोस मला!" ती ओरडली. मी तिला ओरडताना कधी ऐकलं नव्हतं. ती स्वतःच दचकली. मग आवाज खाली आला. "डॉक्टर सरांनी चेष्टा केली ना त्या दिवशी. तेव्हा माझ्या मनात काय आलं सांगू? एकदा यांचा पेशंट बिघडू दे. एकदा तोंडावर पडू देत. असं आलं. आणि मग मी तो पॅक उघडला."

"तपासायला उघडलास."

"मग तीच टेप का लावली?"

"सिस्टरच्या भीतीने. नेहमी लावायचीस तशी."

"तुला काय माहीत? मलाच माहीत नाही." ती हाताची नखं बघत होती. "आधीही झालंय असं."

"काय झालंय?"

"बाबा खोकायचे. दोन खोल्यांचं घर. माझी शाळेची परीक्षा होती. मी उशीत तोंड खुपसून म्हटलं, थांबू दे एकदाचा हा खोकला." ती थांबली. "थांबला. सकाळी घरात सगळे रडत होते. मी त्यांचा पाण्याचा पेला धुतला. मग परत धुतला. आई म्हणाली, किती शहाणी पोर आहे."

हे सगळं माझ्या पुस्तकात होतं. मनात आलेलं आणि हातून घडलेलं, आतल्या न्यायाधीशाला सारखंच. त्याच प्रश्नावर मला सगळ्यात जास्त गुण पडले होते. समोर बसलेल्या मुलीला त्यातलं एक वाक्यही देता येईना.

तिनेच विचारलं, "तुझा तो न्यायाधीश. त्याला हवी ती शिक्षा भोगली की गप्प बसतो का?"

"नाही."

"मग?"

"जितकं देशील तितकं आणखी मागतो."

"म्हणजे उद्या कबूल केलं तरी..."

"उद्या तो मामांना मागेल," मी म्हटलं.

तिने झटकन मान वर केली. "मामांचा काय संबंध?"

"तू 'पाठवला' म्हणालीस की मामा खोटे ठरतात. जाता जाता त्यांच्या कपाळी तो शिक्का. आणि त्यांनी काय केलं माहीत आहे? तू चोरून उघडलेले पॅक ते रोज गुपचूप परत वाफेत घालत होते. मुडपलेली टेप बघून."

"रोज?"

"रोज."

तिचा चेहरा पांढरा पडला. सुटकेचं चिन्ह कुठेच नव्हतं. "म्हणजे मी रोज बिघडवत होते. आणि ते निस्तरत होते."

ती उठून मोरीत गेली. पाणी बराच वेळ वाहत राहिलं. खालून काकू ओरडल्या, "टाकी रिकामी करणार का गं?" पाणी थांबलं. ती दारात येऊन उभी राहिली. हात ओलेच होते.

"त्या दिवशी मशीनमध्ये घातलेल्यात गुडघ्याचा सेट होता असं मामा म्हणाले? खरं सांग."

हो म्हणणं सोपं होतं. मामाही उद्या हेच म्हणणार होते. तिची नोकरी वाचली असती. पण तिने ते हो आत नेलं असतं, सोडवून बघितलं असतं, पुन्हा चिकटवलं असतं. जन्मभर.

"गाठोडी सगळी हिरवी असतात, असं म्हणाले."

ती त्या वाक्याकडे बघत उभी राहिली. मग जमिनीवर बसली आणि भिंतीला टेकली.

सोमवारी चौकशीच्या खोलीत पंखा बिघडला होता. हवेसाठी दार उघडं ठेवून त्याला खुर्ची लावली होती. बाहेरच्या बाकावर मी आणि मामा. मामांनी केस नीट विंचरले होते, शर्टाला इस्त्री होती.

"पाठ झालंय माझं," ते कुजबुजले.

"काय?"

"होता, होता, होता."

आत मोठे डॉक्टर, सिस्टर आणि प्रशासनाचे एक टकले गृहस्थ. तिला बसायला सांगितलं. ती उभीच राहिली.

"पॅक उघडला होतात?" टकल्यांनी विचारलं.

"हो. उघडला. आणि जुनीच टेप परत लावली."

सिस्टरच्या तोंडून "अरे देवा" निघालं.

"असं आधीही केलंत?"

"बरेचदा. कुणी सांगितलं नव्हतं. उलट बजावलं होतं. तरी केलं."

"तोच पॅक त्या पेशंटला वापरला गेला?"

मामांनी माझं मनगट धरलं. त्यांची पकड गरम होती. आत कुणीतरी पेन आपटत होतं, ते थांबलं.

"माहीत नाही," ती म्हणाली.

"माहीत नाही म्हणजे?"

"मी डावीकडे ठेवला. जेवायला गेले. आले तेव्हा फडताळ रिकामं होतं. मधलं मी बघितलेलं नाही."

आता मोठे डॉक्टर पुढे झुकले. आवाजात चेष्टा नव्हती. त्यांनाही उत्तर हवं होतं. पहिलं ऑपरेशन त्यांनीच केलं होतं. "बाई, पुरावा राहू दे. तुमचं मन काय सांगतं?"

उघड्या दारातून तिची पाठ दिसत होती. खांदे वर चढले होते. मला वाटलं, आता बोलेल. पाठ केलेलं वाक्य आता बाहेर पडेल.

"माझ्या मनाला विचारू नका, सर," ती म्हणाली. "ते नेहमी हो म्हणतं."

ती बाहेर आली. मामा उठले.

"काय सांगितलंस?"

"बघितलं तेवढं."

"मग आता मी काय सांगू?" मामा गोंधळले होते. शाळेत प्रश्नपत्रिका बदलल्यासारखे.

"तुम्हीही तेवढंच सांगा, मामा. माझ्यासाठी जास्त नको."

मामा आत गेले. त्यांचा आवाज आधी फार मोठा होता, मग हळू झाला. डावीकडचं सगळं मशीनमध्ये घातलं, म्हणाले. रोजच घालायचो, म्हणाले. त्यात तो सेट होता का, हे शपथेवर सांगता येणार नाही, म्हणाले. टकल्या गृहस्थांनी त्यांनाही रागे भरलं. खोटं मात्र कुणी ठरवलं नाही.

सिस्टरने बाहेर येऊन तिला सांगितलं, "जंतू कातडीवरचाही असू शकतो, हवेतला असू शकतो, हत्यारावरचाही. प्रयोगशाळेला याहून जास्त सांगता येत नाही. पण टेबल आजपासून सोडायचं. कपड्यांच्या विभागात जा. पुढचं वरचे ठरवतील."

"हो, सिस्टर."

सिस्टर जायला वळली, मग थांबली. "माझ्याकडे यायचं होतंस. ओरडले असते. पण यायचं होतंस."

तिने मान हलवली. माझ्याबरोबर घरी न येता ती जिना चढू लागली. मी मागे गेले. वरच्या मजल्यावर थिएटरच्या दारावरचा लाल दिवा लागलेला होता. आत सुताराचा गुडघा उघडला होता. बाहेरच्या बाकावर त्याची बायको बसली होती, मांडीवर नवऱ्याच्या चपला घेऊन.

मला वाटलं, ही आता त्या बाईचे पाय धरणार. मी तिचा डगला मागून ओढला. तिने सोडवून घेतला. बाकाशी जाऊन उभी राहिली.

"मी खाली हत्यारं बांधायला होते," ती म्हणाली. "एक पॅक मी उघडला होता. उघडायचा नसतो. तो तुमच्या माणसाला लागला की दुसरा, ते कुणालाच माहीत नाही. चौकशीत हेच सांगून आले."

बाई तिच्याकडे बघत राहिली. चपला छातीशी धरल्या.

"मग मी रागवायचं कुणावर?"

माझ्यावर. तो शब्द तिच्या ओठांपर्यंत आलेला मी बघितला. लहानपणापासून तयार होता तो. तिने तो गिळला.

"ते मला ठरवता येत नाही," ती म्हणाली. "ते तुमचं आहे."

बाईने लाल दिव्याकडे बघितलं. दार बंद होतं.

"यांना बाहेर आणू दे. पाय बघू दे मला. मग सांगते." तिने बाकावर सरकून जागा केली. "तोवर जायचं नाही. इथे बसायचं."

ती बसली. ओंजळ मांडीवर. व्हरांड्याच्या टोकाला बेसिन होतं, नळातून थेंब गळत होता. तिने एकदा तिकडे बघितलं.

दिवा लालच होता. ती उठली नाही.